शेल्याचा वास

इरा आणि नील, गेल्या रविवारी इराने फोनवर मला विचारलं, "आजी, इथल्या डॉक्टर विचारतात, तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काही आहे का? मी काय सांगू?" मी तोंड उघडायच्या आधीच तुमची आई पलीकडून म्हणाली, "मुरारीमामाचं आहे ना, ते सांग." मग नीलने टोरांटोहून मध्येच विचारलं, "मुरारीमामाला काय झालंय? तो तर दोन जिने एका दमात चढतो." तुम्ही सगळे हसलात, तेवढ्यात इराच्या दाराची घंटा वाजली आणि बोलणं तिथेच राहिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाहीच. त्यासाठी गिंडीचं घर डोळ्यांपुढे यायला हवं, माझी अंबुजा मावशी ओळखीची व्हायला हवी, आणि एक वास नाकाशी यायला हवा. शिवाय इराला आता दिवस गेले आहेत, तेव्हा ही गोष्ट तिला वेळेवर कळलेली बरी. म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, इंग्रजीत करून मागू नका. मी कॉन्व्हेंटात शिकले, इंग्रजी मलाही येतं, पण ही माणसं इंग्रजीत बोललीच नाहीत.

खरं म्हणजे ती या मराठीतही बोलली नाहीत. ही पुस्तकी मराठी मी लग्नानंतर तुमच्या आजोबांकडून उचलली. ते पुण्याहून बँकेत बदलीवर आलेले, आणि आमची तंजावरची मराठी ऐकून पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की मी तमिळच बोलते आहे. आमच्या घरात 'सगळे' म्हणायचं तर 'अस्के' म्हणत, 'नको' चा 'नक्को' होई, आणि वाक्य मराठीत सुरू होऊन तमिळमध्ये संपे. तेव्हा मी इथे त्यांच्या तोंडी घातलेली वाक्यं थोडी सरळ करून घेतली आहेत. चार-दोन शब्द मात्र सुटता सुटले नाहीत.

आमचे वडील रेल्वेत. त्यांच्या बदल्या अशा स्टेशनांवर होत, जिथे शाळेपेक्षा सिग्नलच जास्त. म्हणून आई आणि मी माझ्या आजोळी, गिंडीला राहत होतो. आजीला घरात सगळेच अम्मा म्हणत, मीसुद्धा, आणि माझी आई थोरली म्हणून तिला अक्का. घर लहान, पण पुढे ऐसपैस ओटा आणि मागे विहीर. औद्योगिक वसाहत जवळच, त्यामुळे आमचा दिवस घड्याळावर नाही तर कारखान्याच्या भोंग्यावर चाले. त्याला सगळे 'संगू' म्हणत, म्हणजे शंख. पहिल्या संगूला अम्मा उंबऱ्यापुढे सडा घालून कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायला बसे, दुसऱ्या संगूला रघूमामा डबा घेऊन लेथवर कामाला निघे. या दोन संगूंच्या मध्ये स्वयंपाकघरात कॉफीच्या बिया भाजल्याचा वास आणि त्या दळायच्या हातयंत्राचा घरघराट. अजूनही बस अण्णा नगरच्या आमच्या इमारतीजवळ वळते तेव्हा तसाच घरघर आवाज येतो आणि मला क्षणभर वाटतं, कॉफी झाली. अम्माच्या हातची रसवांगी मी पुढे पुष्कळदा करून पाहिली. वांगी तीच, चिंच तीच, खोबरंही तितकंच भाजते, पण ती चव काही येत नाही. उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी मात्र मला जमते, आणि तुमच्या आईलाही.

अंबुजा मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. उंच, सावळी, वेणीचा शेपटा कमरेच्या खाली, आणि चालताना कायम काहीतरी पुटपुटणारी. ती घरात पाऊल टाकायच्या आधी फॉर्मॅलिनचा वास आत यायचा, आणि त्यामागोमाग अम्माचा आवाज.

"आज काय कापून आलीस?"

"बेडूक."

"मग आधी अंघोळ, मग कॉफी."

"काल झुरळ होतं तेव्हा तू कॉफी आधी दिलीस."

"झुरळ तर माझ्याही स्वयंपाकघरात आहे. त्याला काय घाबरायचं?"

मावशीला परीक्षेचं पाठ होण्यासाठी कुणालातरी शिकवावं लागे, आणि घरात त्या कामाला मीच मोकळी होते. त्या वर्षी ती आनुवंशिकता शिकत होती. एका सकाळी अम्मा कोलम काढून आत गेली तसं मावशीने मला तांदळाच्या पिठाची वाटी दिली आणि शेजारी तसाच कोलम काढायला सांगितला. अम्माचा कोलम ठिपक्यांभोवती फिरणाऱ्या एकाच रेघेचा. जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. मी जीभ बाहेर काढून, अगदी निगुतीने काढला, तरी माझी रेघ मिळाली नाही. मावशी उकिडवी बसून बघत राहिली. "हा बघ, इथे तू एक ठिपका गाळलास. इथे एक जास्तीचा घातलास. आणि इथे ठिपके बरोबर आहेत, पण रेघ डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली. आता मला सांग, यातली कुठली चूक वाईट?" मी म्हटलं, सगळ्याच. "नाही गे. हा कोपऱ्यातला वळसा चुकलाय, पण रेघ मिळते. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळणारही नाही. हा मधला ठिपका गळलाय, त्याने मात्र अस्का कोलम उघडा पडला." मग तिने सांगितलं की आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत असाच एक फार मोठा कोलम असतो. पेशीची दुसरी पेशी होताना तो पुन्हा काढावा लागतो, आणि जन्मभर, क्षणाक्षणाला, कुणीतरी आत बसून तो उतरवत असतं. "चुका फार कमी होतात. झालेल्यातल्या बऱ्याच लगेच पुसून दुरुस्तही होतात. मला आश्चर्य चुकांचं वाटत नाही, सरू. एवढं बरोबर कसं येतं याचं वाटतं."

"आता सांग, तुझा हात का चुकला?" तिने विचारलं. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं, आणि एकदा लॉरीचा हॉर्न वाजला. आणि तो ठिपका? तो का गळला मला माहीत नव्हतं. तिला फार आनंद झाला. "अगदी तसंच. कधी उन्हाने, कधी क्ष-किरणांनी, कधी तंबाखूच्या धुराने, कधी एखाद्या रसायनाने. आणि पुष्कळदा काहीही कारण नसताना, नुसती उतरवताना चूक. चूक अंगावरच्या एखाद्या पेशीत झाली तर ती त्या माणसापुरती, फार तर पुढे तिथे गाठ होईल. पण ज्या पेशींतून मूल होतं तिथे झाली, तर पुढचा माणूस तुझ्या कोलमवरूनच आपला कोलम काढणार. तुझी चूक तो अगदी इमानाने उतरवणार." त्यावर अम्मा आतून ओरडली, "अंबू, पिठाची नासाडी पोदुम्!" म्हणजे पुरे. मावशीने माझा चुकलेला कोलम पायाने पुसला नाही. मुंग्यांसाठी तसाच ठेवला.

आता पेटीकडे येते. अम्माच्या खोलीत पितळी कोपऱ्यांची एक शिसवी पेटी होती. ती तंजावरहून आलेली, आईकडून मुलीकडे जाणारी. अम्माची आई लवकर गेल्यामुळे ती लग्नातच अम्माकडे आली, आणि अम्माची बाळंतपणंही याच घरात झाली. मुलगे तिच्यावर बसले तरी अम्मा रागवायची. पेटीत सगळ्यात खाली एक डाळिंबी रंगाचा रेशमी शेला होता, अम्माच्या आजीचा. काठाची जर काळवंडली होती, पण मधलं रेशीम इतकं मऊ की बोट ठेवलं तर घसरे. नवरात्राआधी अम्मा पेटी उघडून सगळे कपडे सावलीत वारवायची आणि घड्यांमध्ये पांढऱ्या डांबरगोळ्या नव्याने ठेवायची. तमिळमध्ये त्यांना अंदुरुंडै म्हणतात. मला तो वास फार आवडे, पेटी उघडली की मी डोकं आत घालून बसे. आमच्याकडे लेकीचं बाळंतपण माहेरीच, आणि बाराव्या दिवशी बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, पुन्हा अंगभर तेलाचं बोट फिरवून या शेल्यात गुंडाळायचं. मुलगा असो की मुलगी. मग बाळाच्या कानात नाव. अम्मा म्हणायची, "हा शेला अंगाला लागल्याशिवाय मूल आपलं होत नाही." मी त्याच शेल्यात गुंडाळले गेले होते. आई, मावशी, रघूमामाही.

आणि त्याच घराला एक दुःख होतं. अम्माचे पहिले दोन मुलगे बारसं झाल्यावर पिवळे पडून गेले होते. रघूमामा तिसरा, तो वाचला. माझ्या पाठीवर आईला मुलगा झाला, तोही तसाच गेला. मला त्याचं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पाळण्याच्या दोऱ्या सोडताना आई एक गाठ कितीतरी वेळ सोडवत बसली होती. शेजारच्या बायका विहिरीवर हळू आवाजात म्हणत, त्या घरात मुलीच टिकतात. अम्माने नागप्रतिष्ठा केली, नवस केले, शनिवार धरले. तिला वाटे, घराण्याला कुणाचा तरी तळतळाट आहे. त्यामुळे मी चौदा-पंधरा वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस राहिले, तेव्हा घरात आनंद होता, पण तो कुणी मोठ्याने बोलून दाखवत नव्हतं. मुलगा झाला. अम्माने साखर वाटली ती मुठीत झाकून.

बाराव्या दिवशी त्याला शेल्यात गुंडाळला. डाळिंबी रेशमातून त्याचा नाकेला चेहरा बाहेर, केसांवर तेल चमकतंय, आणि अम्मा त्याला घेऊन ओट्यावर उन्हात उभी. "मुरारी," ती त्याच्या कानात म्हणाली, आणि मग आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात, "मुरारी!" शेजारपाजार हसला. त्या दिवशी पुरणपोळी होती, आमच्याकडची पातळ, कागदासारखी. बारशानंतर तीन दिवस तो शेला बाळाच्या अंगावरच ठेवायचा अशी रीत होती. अम्माने तो काढला नाही.

दोन दिवसांनी दुपारी आईने दुपटं बदललं आणि काढलेलं तसंच हातात धरून बसली. दुपट्यावरचा डाग काळपट तांबडा होता, कॉफीच्या डिकॉक्शनसारखा. मुरारीचे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तो दूध ओढत नव्हता. अम्माने डाग पाहिला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. "आलं," एवढंच म्हणाली. मग उठली, त्याला उचललं, आणि शेला आणखी घट्ट गुंडाळला, जणू पूर्वजांनीच त्याला धरून ठेवावं.

मावशी कॉलेजातून आली तेव्हा तिला कुणी अंघोळ कर म्हटलं नाही, त्यावरूनच ती समजली. तिने डाग पाहिला, बाळाची पापणी उघडून पाहिली.

"रघू, टॅक्सी आण."

"कुठे?" अम्मा म्हणाली.

"इस्पितळात."

"माझे दोघे नेले होते. दोघेही तिथेच गेले. अक्काचाही तिथेच गेला. याला तरी घरात जाऊ दे."

"तो गेलेला नाही अम्मा. अजून श्वास घेतोय. तू याच्याबद्दल असं बोलू नकोस, तो ऐकतोय."

तिचं हे शेवटचं वाक्य काही शास्त्रातलं नव्हतं. पण अम्मा त्यालाच हलली. तीही निघाली, कारण शेल्यातलं मूल ती दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हती. आई ओली बाळंतीण, तिला हाताला धरून टॅक्सीत बसवलं. थर्मास धरायला मी.

शहरातल्या त्या मोठ्या इस्पितळात आम्हाला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. ठेंगण्या, जाड भिंगांच्या, आणि तमिळमध्ये तुटक बोलणाऱ्या. त्यांनी बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं, पिवळेपणा पाहिला, रक्त काढायला सांगितलं. मग छातीचे ठोके ऐकायला वाकल्या आणि मध्येच थांबल्या. "एन्न वासनै इदु?" हा कसला वास?

अम्मा ताठ झाली. "हा आमच्या घराण्याचा शेला आहे. पेटीतला."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे न पाहता मावशीकडे वळल्या. "आधी असं कुणाला झालं होतं?"

"माझे दोन भाऊ. हिचा एक मुलगा," मावशी म्हणाली. "मुलींना कधी नाही. एक भाऊ वाचला. मुलगेच जातात, तेही लेकींचेच, कारण लेकी बाळंतपणाला..." आणि ती थांबली. तिचा चेहरा मला आजही तसाच दिसतो. गणित सुटल्यावर माणूस खूश होतो, तसा तो नव्हता. कुणीतरी अंधारात दार उघडावं आणि आत आपलंच माणूस उभं दिसावं, तसा होता. "लेकी बाळंतपणाला माहेरी येतात," ती सावकाश म्हणाली. "जिथे पेटी आहे. दोन्ही एकाच वाटेने येतात. रक्तही, शेलाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "आधी हे काढा. साबणाने अंग पुसा, तेल राहता कामा नये."

मावशीने शेल्याला हात घातला, आणि त्यावर अम्माचा हात पडला. "नक्को अंबू. उघडा पडेल तो." अम्माच्या शब्दाला त्या घरात कुणी उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मावशी तिच्यापेक्षा खालच्या आवाजात म्हणाली, "अम्मा, हात काढ." अम्माने काढला नाही. दोघींचे हात त्या डाळिंबी रेशमावर तसेच राहिले, आणि खाली ते पिवळं पोर मान टाकून पडलेलं. मग मावशीने दुसऱ्या हाताने आपला पदर सोडला. धुवट सुती साडी होती, रोजची. "उघडा नाही पडणार. माझ्या पदरात घेते. मी याच घरची आहे ना? माझ्याही अंगाला हा शेला लागलाय." अम्माने तिच्याकडे पाहिलं. मग तिची बोटं एकेक करून सुटली. शेला मी घेतला, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे बाहेर, जिन्याखाली, लांब नेऊन ठेवला. पहिल्यांदाच तो वास मला सहन झाला नाही.

मुरारीचं रक्त बदलावं लागलं. थोडंथोडं त्याचं काढायचं, थोडंथोडं दुसऱ्याचं घालायचं. ते चालू असताना बाहेरच्या बाकावर आई, अम्मा आणि मी बसलो होतो. मावशी मात्र त्या डॉक्टरीणबाई दिसल्या की उठून मागे जायची आणि काहीतरी विचारून यायची. त्या वैतागत, आणि तरी उत्तर देत. मला वाटतं, त्यांनाही ते आवडत होतं. अम्माने सगळ्या वेळात एकदाच तोंड उघडलं. "हिला कॉलेजात घालू नका असं मी म्हणाले होते," ती भिंतीला म्हणाली. "बरं झालं माझं ऐकलं नाही."

पोर वाचलं. ते घरी आलं तेव्हा शेजारच्या बायका ओट्याशी जमल्या, पण अम्माने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. रक्ताची खास तपासणी झाली होती, आणि तिचं नाव मावशी मंत्रासारखं म्हणे: जी-सिक्स-पी-डी. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य असतं, ते आमच्या घरातल्या काही मुलग्यांत पुरेसं होत नाही, कारण ते कसं बनवायचं हे सांगणाऱ्या जागी एक लहानशी चूक आहे. एरवी काही कळत नाही. पण डांबरगोळीसारखं काही अंगात गेलं, की पेशी भराभर फुटतात, अंग पिवळं होतं, लघवी काळी होते. आणि तेल लावलेल्या कोवळ्या कातडीतून ते आणखी लवकर आत जातं. इरा, एक नीट समजून घे. चूक गोळ्यांनी केली नव्हती. ती कित्येक पिढ्या आधीची, कुणाच्या तरी हातून ठिपका चुकला तेव्हाची. गोळ्यांनी ती फक्त उघडी पाडली.

हे सगळं आईला सांगणं सोपं होतं. प्रश्न अम्माला सांगण्याचा होता. त्या गोळ्या दरवर्षी तिने स्वतःच्या हाताने, मोजून, घड्यांत ठेवल्या होत्या. रघूमामा म्हणाला, "तिला काही सांगू नका. गोळ्या गुपचूप फेकू. म्हातारीचा जीव जाईल." मावशी म्हणाली, "तिने विचारलं नाही तर सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही." आज इतक्या वर्षांनंतर मला या वाक्याची किंमत कळते. त्या वयात मला वाटलं होतं, ती निष्ठुर आहे.

अम्माने दुसऱ्याच सकाळी विचारलं. पहिला संगू झाला होता. ती सडा घालून बसली होती, पण पीठ चिमटीत तसंच होतं. मावशी तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि तिने ते सगळं पुन्हा सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, ठिपके आणि रेघ. बाईकडे हा कोलम दोनदा असतो, एक आईकडचा, एक बापाकडचा. एकात चूक असली तर दुसऱ्यावर निभावतं. म्हणून तू, अक्का, आम्ही ठीक. मुलग्याकडे मात्र तो एकच, आईकडून आलेला. आई कुठला देईल ते दैवावर. रघूला चांगला मिळाला.

अम्माने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग माझे दोघे?"

"बहुतेक त्यानेच, अम्मा."

"माझ्या हाताने."

"तुझ्या हाताने. पण तेव्हा हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. मलाही चार दिवसांपूर्वीपर्यंत नव्हतं, आणि मी तर शिकत होते. तू शेला गुंडाळत होतीस ते त्यांनी आपलं व्हावं म्हणून."

रस्त्यावर सायकली सुरू झाल्या. दुसरा संगू झाला आणि रघूमामा उंबऱ्यात डबा घेऊन तसाच उभा, कारण कोलम काढल्याशिवाय ओलांडायचा कसा? "तळतळाट नव्हता म्हणजे," अम्मा अखेर म्हणाली. "कुणाचाच?" मावशी म्हणाली, "कुणाचाच नाही. उलट तू ऐक. ज्यांच्या रक्तात ही चूक असते त्यांना मलेरिया तेवढा झोडपत नाही, असं आमचे प्राध्यापक सांगतात. कावेरीकाठच्या हिवतापात आपले जे पूर्वज टिकले, ते कदाचित हिच्यामुळेच." अम्माने नाक ओढलं. "म्हणजे एका हाताने देते आणि दुसऱ्याने घेते. अगदी माझ्या सासूसारखी." आणि तिने कोलम काढायला घेतला. त्या दिवशी तिचाही हात मध्ये एकदा चुकला. तिने तो ठिपका पुसून पुन्हा घातला.

त्याच दुपारी तिने पेटी ओढत ओट्यावर आणली. कुणाला हात लावू दिला नाही. गोळ्या काढून लांब पुरून आली, कपडे वाऱ्यावर टाकले, पेटी आतून घासली, उन्हात उलटी ठेवली. शेला तिने रिठ्याच्या पाण्यात धुतला. वाळला की नाकाला लावायची, मान हलवायची, पुन्हा भिजवायची. रंग फिका झाला, काठाची जर सुटली, पण ती थांबली नाही. मग पेटीत कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे घातले. पुढे जिथे जिथे बाळंतीण आहे असं कानावर येई, तिथे ती न बोलावता जायची आणि म्हणायची, "आधी पेटी उघड गे." मराठी घर, तमिळ घर, तिला सारखंच. वास आला तर कपडे बाहेर. गिंडीतल्या पोरी तिला मागून अंदुरुंडै-पाट्टी म्हणत, म्हणजे डांबरगोळीवाली आजी. तिला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, तिला त्याचा अभिमानच होता. चार घरांत जाऊन स्वतःची चूक पुन्हा पुन्हा सांगायची, तीही हसतमुखाने. एवढं बळ मी पुढे फारशा कुणात पाहिलं नाही.

मावशीला बघायला मंडळी आली तेव्हा तिने कॉफीचा पेला ठेवता ठेवता हे सगळं स्वतःहून सांगितलं. पहिलं घर कॉफी अर्धी टाकून उठलं. दुसऱ्या घरच्या मुलाने पेला संपवला आणि विचारलं, "मग काळजी काय घ्यायची?" त्याच्याशी तिने लग्न केलं. जन्मभर कॉलेजात शिकवलं, आणि शिकवताना फळ्यावर ठिपके काढायची. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मुरारीचं तर तुम्ही पाहताच आहात. ट्रकच्या कारखान्यात सबंध नोकरी केली, आता निवृत्त झालाय, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला औषध लिहायच्या आधी बजावतो, "माझं रक्त नाजूक आहे, डोकं नाही, तेव्हा मला नीट समजावून सांगा." मलेरियाची आणि सल्फाची काही औषधं त्याला चालत नाहीत. एवढंच त्याचं दुखणं.

इरा, माझी तपासणी झालेली आहे, तुझ्या आईचीही. दोघींच्या एका कोलमात ती चूक आहे. नीलची जन्मल्याबरोबर झाली होती, त्याला चांगला कोलम मिळाला. तुझ्यात ती चूक आली असेल किंवा नसेल. तुझ्या डॉक्टरांना हे पान वाचून दाखव, तपासणी करून घे. मुलगा झाला तर त्याचीही जन्मल्याबरोबर करून घे. घरात डांबरगोळी आणू नकोस, कुणी दिलेले जुने कपडे धुतल्याशिवाय बाळाला घालू नकोस, आणि तिकडचे ते ब्रॉड बीन्स त्याला भरवू नकोस, त्यांनीही पेशी तशाच फुटतात. भिऊ मात्र नकोस. ज्या गोष्टीचं नाव ठाऊक आहे तिला फार भ्यायचं नसतं, हे मी अंबू मावशीकडून शिकले.

रीतही आम्ही सोडली नाही, थोडी वळवली. बाराव्या दिवशी बाळाला नव्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळायचं, आणि शेला आजीने आपल्या खांद्यावर घ्यायचा. तुमच्या आईच्या वेळी माझ्या आईने घेतला, तुम्हा दोघांच्या वेळी मी.

पेटी इथे अण्णा नगरला माझ्या पलंगाखाली आहे. शेला तिच्यात आहे, फिका, एका काठाची जर सुटलेला. त्याला वेखंडाचा वास येतो.